तिसरं हँडल

"सोडव," बन्सी मिस्त्री म्हणाला आणि ग्रीसनं माखलेली काळीकुट्ट मूठ त्यानं कानिफनाथापुढे धरली. मुठीत सुपारी होती. कानिफनाथ नुकताच फटफटीवरून बेलापूरपर्यंत जाऊन श्रीरामपूरला परत आला होता. त्यानं एका हातानं बन्सीची बोटं उलगडायला घेतली. करंगळी हलली, बाकीची बधेनात. खरं तर बोटं बन्सीची कुठली आणि आपली कुठली, हेच त्याला कळत नव्हतं. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

"ह्ये बी हँडल बाद," कानिफनाथ म्हणाला.

कानिफनाथाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवरी सोनईची, मनकर्णा नाव. रीत अशी, की अक्षता पडल्या की मांडवातच सुपारीचा खेळ मांडायचा. नवरीनं मुठीत सुपारी धरायची, नवऱ्यानं ती एकाच हातानं सोडवायची. सोडवली तर घरात शब्द त्याचा, नाही तर तिचा. कानिफनाथाचा थोरला भाऊ कारभारी आठ वर्षांपूर्वी हरला होता, आणि तेव्हापासून बायकोला विचारल्याशिवाय तो दाढीसुद्धा करत नाही, असं गाव म्हणे. बायकोच्या ताटाखालचं मांजर, हे नाव त्याच्या रेशनकार्डावर चढायचंच काय ते बाकी होतं.

"मग माझ्यासंगं वऱ्हाडाच्या ट्रकातून चल की," कारभारी म्हणाला होता. पण सोनईत शिरायचं तर फटफटीवरून, हे कानिफनाथानं कधीच ठरवून टाकलं होतं. फटफटी नगरच्या मिलिट्रीच्या लिलावातली. आवाज असा, की ती वेशीपाशी आली की गावातली कुत्री आपापल्या घरी जात. थरथर त्याहून दांडगी. साखरपुड्याला तो तिच्यावरून पंचवीस मैल गेला आणि सासऱ्यानं पुढे केलेली कपबशी त्याच्या हातात राहिलीच नाही. सगळा चहा सासऱ्याच्या धोतरावर. दाराआड कुणीतरी फिसकन हसलं. ती मनकर्णा होती, हे त्याला नंतर कळलं, आणि तेव्हापासून तो फार सुखात होता आणि फार धास्तीतही. हाताच्या मुंग्या उतरायला तेव्हा दोन तास लागले होते. खेळ काही दोन तास थांबणार नव्हता.

म्हणून ही हँडलांची निवडानिवड. फटफटीचं मूळचं हँडल आखूड आणि खाली झुकलेलं, अंगाचा सगळा भार तळव्यांवर टाकणारं. आज बसवलेलं दुसरं खिलारी बैलाच्या शिंगांसारखं उंच. त्यानं मुंग्या तर थांबल्या नाहीतच, वर खांदे भरून आले.

बन्सीनं माळ्यावरून तिसरं काढलं. रुंद, जरासं वर उचललेलं, टोकं चालवणाऱ्याकडे वळलेली. त्यानं नळीत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडाच्या गुट्ट्या मारल्या, जिथं हँडल आवळायचं तिथं सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि मुठींवर जाड रबर चढवलं.

"प्रवरेची वाळू हाय," तो म्हणाला. "थरथर तिच्यातच मुरून जाती."

कानिफनाथ पुन्हा बेलापूरला जाऊन आला आणि बन्सीची मूठ त्यानं भुईमुगाच्या शेंगेसारखी उघडली. दोघंही बाप्ये गॅरेजात पोरांसारखे नाचले. बन्सीला त्यानं तिथल्या तिथं वऱ्हाडात यायचं आवतन दिलं.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्या दातांत धरून कानिफनाथ निघाला. दर मैलाला तो अंगठ्यानं एकेक बोट दाबून बघे. पाचही हजर. सोनईत सासऱ्यानं त्याला कपबशी दिली, मात्र देताना स्वतः दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. एक थेंब सांडला नाही. कानिफनाथाला वाटलं, जिंकलं, आता नुसता उपचार उरला.

अक्षता पडल्या. खेळासाठी मांडव दाटला. कारभारी सगळ्यांच्या पुढे येऊन बसला. निदान धाकट्यानं तरी घराण्याची अब्रू राखावी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. बन्सी हात स्वच्छ धुऊन आला होता. मनकर्णानं मूठ पुढे केली. कानिफनाथानं त्या मुठीवर हात ठेवला.

वाळूनं आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या बोटांना सगळं कळत होतं. हळदीचा खरखरीतपणा, चुड्याचा गारवा, तळव्याच्या कडेला खुरप्यानं पडलेले घट्टे. आणि ती मूठ थरथरत होती. बारीक, एकसारखी. कानिफनाथाच्या हातातला जोर तिथंच ओसरला. परक्या घरी निघालेली ही पोर कुणाच्या शब्दाखाली राहायचं ते ठरायची वाट बघत होती, आणि ते आपण ठरवणार होतो, हे त्याला आता पहिल्यांदा कळलं.

"भ्या वाटतंय व्हय?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"लई," ती खाल मानेनं म्हणाली. "पर तुमी लावा जोर. समदी बघत्यात."

त्यानं जोर लावला नाही. नुसता हात तसाच ठेवला. मग काय झालं कोण जाणे, तिची थरथर थांबली आणि मूठ आपणहून सैल झाली. बोटांच्या फटीतून सुपारी दिसली. मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. कानिफनाथानं झटकन आपल्या पंजानं तिची मूठ झाकली, तिची चारही बोटं एकेक करून पुन्हा सुपारीवर मिटली, आणि हसत हसत उभा राहून, थेट कारभारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हरलो. हाताला पार मुंग्या आल्या."