खुर्चीजवळचा मेन स्विच

"मिक्सरचा पॉइंट इथे नको," म्हातारे म्हणाले. "नळाचं पाणी उडेल."

इलेक्ट्रिशियनने खडूची खूण पुसली आणि हातभर बाजूला केली.

"इथे?"

"चालेल."

स्वयंपाकघर रिकामं केलं होतं. जुना ओटा निघाला होता. खिडकीजवळची भिंत पार छतापर्यंत काळवंडली होती. किटलीचा पॉइंट तिथेच होता.

इलेक्ट्रिशियन वर न बघताच माळ्याखालून वाकून पलीकडे गेला. "फ्रिज कोपऱ्यातच ना?"

"कोपऱ्यातच. आता महत्त्वाचं ऐका." म्हाताऱ्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिला हल्ली विसर पडतो. किटली लावली आणि बसली बाहेर जाऊन. भिंत बघताय ना? म्हणून ओट्यावरच्या सगळ्या पॉइंटना मिळून एक मेन स्विच हवा. बाहेर, माझ्या खुर्चीजवळ. मी चालू केल्याशिवाय इथे काही चालू होता कामा नये."

"बरं."

"तिला बोलू नका. मनाला लावून घेईल."

"नाही बोलत. हाताला काय झालं तुमच्या?"

म्हातारे तळहातावरच्या पट्टीकडे जरा वेळ बघत राहिले. "लागलं असेल कुठेतरी."

बाहेरच्या खोलीत तात्पुरती शेगडी मांडली होती. तिथून त्यांची बायको चहा घेऊन आली. मोठा कप तिने इलेक्ट्रिशियनच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला.

"साखर?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही घातली," ती म्हणाली.

"अगं, माणसाला विचारायचं तरी."

"राहिलंच बघा."

म्हाताऱ्यांनी इलेक्ट्रिशियनकडे बघून भुवया उडवल्या. सांगत नव्हतो?

"मला असाच लागतो," तो म्हणाला.

"आमचा मुलगाही हेच काम करतो. त्यालाच बोलावणार होतो. पण गावभर दिवे लावत फिरतो, आईबापाकडे तेवढा अंधार."

"कामं असतील."

"फोन तरी करावा."

"करतो हो," बायको कप गोळा करत म्हणाली. "तुम्ही झोपलेले असता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"विसरले."

इलेक्ट्रिशियनने खुर्चीजवळ भिंतीवर चौकोन काढला. म्हाताऱ्यांनी बसून हात लांब करून पाहिला. हात नीट पोचत होता. मग जरा पडतो म्हणून ते आत गेले, आणि थोड्या वेळाने घोरणं ऐकू यायला लागलं.

इलेक्ट्रिशियन बायकोच्या कपाटापाशी गेला. साड्या बाजूला सारून त्याने आतल्या फळीवर दुसरा चौकोन काढला.

"खरा स्विच इथे," तो हळूच म्हणाला. "खुर्चीजवळ नुसतंच बटण बसवतो, वायर नाही जोडत. कपाटाची किल्ली तुझ्याजवळ ठेव, आई. आणि बाबांनी विचारलं तर सांग, मी फोन केला होता."