हलका हात

"ओठ जड झाला का, चिमाबाई?"

"व्हय मॅडम. झाला."

मिनलनं मोबाइल एप्रनच्या खिशात कोंबला, नवे हातमोजे चढवले आणि पकड उचलली. फोन शेखरचा होता, तिच्या वर्कशॉपच्या सुपरवायझरचा. चाकणच्या मोठ्या कंपनीनं ऑर्डर निम्म्यावर आणली होती. दहा माणसं कमी करायची होती आणि शनिवारपर्यंत नावं द्या म्हणून तो मागं लागला होता. मेली ती यादी! निदान कॉलेजात तरी माणसाला सुखानं दात काढू द्यावेत.

एकोणिसाव्या वर्षी तिचा डेंटलला नंबर लागत होता. नेमका तेव्हाच वडिलांना अर्धांगवायू झाला आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणारं चाळीस माणसांचं प्रेस शॉप तिच्या गळ्यात पडलं. सोळा वर्षं तिनं ते इमानानं ओढलं, पण जीव काही रमला नाही. आपण केबिनबाहेर आलो की गप्पा बंद होतात, आपण फुसका विनोद केला तरी सगळे खो खो हसतात, याचा तिला वीट आला होता. दवाखान्याच्या खुर्चीतला माणूस दुखलं तर ओरडेल, नाही दुखलं तर मोकळा हसेल. तिथं तरी कुणी आपल्याशी खोटं वागणार नाही, असं तिला वाटायचं. प्रवेशाची वयाची अट उठली, तशी ती पस्तिशीत परीक्षा देऊन पोरासोरांच्या वर्गात जाऊन बसली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी वर्कशॉप. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला.

आता शेवटचं वर्ष होतं. या वर्षाला ठरावीक संख्येनं पेशंट विद्यार्थ्यानंच गाठून आणायचे असतात. वर्गातली पोरं त्यापायी दापोडी स्टेशनाबाहेर उभी राहून रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायची. मिनलचं काही अडलं नाही. तिनं वर्कशॉपमध्ये नुसतं सांगितलं, ज्याला दाताचा त्रास असेल त्यानं यावं, अर्ध्या दिवसाचा पगार कापणार नाही. शेखर दर दिवसाआड दोघातिघांना टेंपोत घालून पाठवायचा. आणि खुर्चीतून उठताना प्रत्येक जण एकच म्हणायचा, "मॅडम, तुमचा हात लई हलका हाय."

एक नाही, दोन नाही, सव्वीस जण म्हणाले. बाजूच्या खुर्चीवरची करिष्मा तर जळायची. "ताई, माझे पेशंट नुसती बोंब मारतात हो! तुमच्याकडे चूं नाही." मिनल वरवर हसण्यावारी न्यायची. पण घरी जाताना गाडीत ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवायची. वडिलांच्या धंद्यात असं काही तिला कधी मिळालं नव्हतं.

चिमाबाई सत्ताविसाव्या. पॅकिंगमध्ये वीस वर्षं झालेल्या. मिश्रीनं हिरड्या गेलेल्या, दाढ आधीच हलत होती. मिनलनं पकड लावली. चिमाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

दाढ निघाली. "झालं सुद्धा! उगाच घाबरलात," मिनल खुशीत म्हणाली आणि कापसाचा बोळा घ्यायला ट्रेकडे वळली.

ट्रेमध्ये इंजेक्शन होतं. तिनं मघाशी भरून ठेवलेलं, जसंच्या तसं, टोपणासकट. टोचायला उचलणार इतक्यात शेखरचा फोन आला होता. परत येऊन तिनं थेट विचारलं होतं, ओठ जड झाला का.

मिनलनं ते उचलून उजेडात धरलं. जिवंत माणसाची दाढ तिनं तशीच उपटली होती.

"अहो चिमाबाई, मी सुई दिलीच नाही! तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की," चिमाबाई रक्ताची लाळ पुसत म्हणाल्या. "पन तुमी इचारलं, ओठ जड झाला का. मग न्हाई कसं म्हनायचं? शनवारी यादी लागतीया म्हनं."

मिनलनं तोंडावरचा मास्क ओढून काढला. तिला रडू येत होतं, लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

"तुमचं नाव यादीत नाही. आईशपथ नाही," ती त्यांचा हात धरून म्हणाली. "आता मला एकच खरं सांगा. आधीच्या सव्वीस जणांना दुखलं होतं का? ते काय म्हणत होते बाहेर गेल्यावर?"

चिमाबाईंनी तिच्याकडे क्षणभर नीट बघितलं. मग सुजत चाललेल्या गालावर पदर धरला आणि हसल्या.

"न्हाई वो मॅडम. तुमचा हात लई हलका हाय."