लेओनची भाषा

सूर्य डोक्यावर आला तेव्हा अटालिया या ग्रीक बंदराच्या धक्क्याला अरबांकडून सोडवलेल्या कैद्यांचं जहाज लागलं. बहुतेकांना नातलग घेऊन गेले. तिशीचा एकजण उरला. त्याला ग्रीकचा एक शब्द कळत नसावा, असं दिसत होतं.

तो रांजणावर वाकून पाणी प्यायला. विधवा आन्थूसा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग पुढे आली.

“हा माझा लेओन. पाच वर्षांचा होता, तेव्हा पळवला. डाव्या कानामागे भाजल्याचा डाग आहे, बघा.”

डाग होता.

“दर जहाजाला येतेस, म्हातारे,” एक नावाडी हसला. “आज आयता दाढीमिशांचा मुलगा मिळाला!”

“तुझ्या आईला तू मिळालास, त्यापेक्षा बरा.”

परतलेल्या कैद्यांची चौकशी करणारा पाद्री निकेतास हसला नाही. लहानपणी नेलेलं, परक्या धर्मात वाढलेलं पोर आठवडाभराच्या प्रार्थनेनंतर मोकळं होई. कळत्या वयात ज्यानं ख्रिस्त सोडला, त्याला मात्र मरेपर्यंत मठात कोंडून प्रायश्चित्त.

“भाषा विसरल्याचं सोंग पुष्कळ जण आणतात, बाई.” बोलता बोलता निकेतास ओरडला, “अरे, पायाशी साप!”

आन्थूसा किंचाळून मागे सरली. तो कैदी ढिम्म उभा होता.

निकेतासनं पवित्र ग्रंथ पुढे केला. “हात ठेव आणि सांग, हा तुझाच.”

तिनं सांगितलं.

घरी तिनं त्याच्यापुढे पाव ठेवला, खारवलेला मासा ठेवला. एकेका वस्तूवर बोट ठेवून तिचं नाव सांगितलं. तो नुसता चावत राहिला. मग तिनं शिकवणं सोडून दिलं.

“तुला काय कळतंय म्हणा,” ती मोठ्यानं म्हणाली. “माझा लेओन तापानं गेला रे. गाव सोडून पळताना, डोंगरात. या हातांनी पुरला. तुझा डाग मी आज पहिल्यांदा पाहिला, तू पाणी पिताना. ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलले. काय करू? इतकी वर्षं एकटीच्या घासाला बसते. भिंतीसुद्धा कंटाळल्या असतील माझं ऐकून.”

त्याचा घास थांबला. तो उठला, खिडकीतून गल्लीत पाहिलं आणि झडप हलकेच ओढून घेतली.

“हळू बोल, आई,” तो ग्रीकमध्ये म्हणाला, याच बंदरावर वाढलेल्या माणसासारखा, अगदी सफाईनं. “पाद्र्याचा माणूस भिंतीला कान लावून उभा आहे.”