तिसऱ्या मजल्यावरची तपासणी

“ताई, तुमची एक चप्पल जिन्यात पडलीय. कोणी अडखळून पडला म्हणजे?”

दिनानाथ, सोसायटीचे सेक्रेटरी, पायरीकडे बोट दाखवत उभे होते. रंभा चरफडत खाली उतरली आणि चप्पल पायात सरकवून पुन्हा वर निघाली. जिन्यावर अजून बिल्डरची खडी पसरलेली, ती या माणसाला दिसत नाही. तिची चप्पल तेवढी दिसते.

गावातली ही नवी इमारत म्हणजे तिच्या डोक्याला ताप होता. पूर्वी इथे भाताची खाचरं होती. बांधावरून हाक मारली की बाया जमायच्या. आता बेल दाबायची, आणि आतूनच ऐकायचं, “आमच्यात नाय कोणाला.” जसं काही रंभा, गावची आशा सेविका, कुष्ठरोग शोधायला नाही, वाटायलाच आलीय. तिने तर आपल्या घरापासूनच सुरुवात केली होती. नवरा, सासू, दोन्ही मुली, सगळ्यांना उजेडात उभं करून नीट पाहिलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर हुस्नबानोचं दार. तिच्या मुलाच्या, वाजिदच्या कोपरावर फिकट चट्टा आहे, हे रंभाने रिक्षास्टँडवर पाहिलं होतं. तेव्हापासून तिला चैन नव्हती. वेळेत गोळ्या मिळाल्या तर पोरगा बरा होईल, नाहीतर बोटं वाकडी होतील. आणि ही बाई दार उघडत नव्हती.

आज ते बोटभर उघडलं.

“परत आलीस गो?”

“येणारच, चाची. वाजिदला बघू दे.”

“पेणला सोयरीक ठरतेय त्याची. असल्या रोगाचं नाव निघालं तर कोण पोरगी देईल?”

“आणि हात वाकडा झाला तर देतील? गोळ्या फुकट हायत. कोणाला कळणार नाय.”

खालून दिनानाथांची हाक आली, “ओ रंभाताई!” रंभाने लक्षच दिलं नाही. त्यांना काय, उठताबसता नियम सांगायचे.

हुस्नबानोचा आवाज उतरला. “चट्टा साधाच असंल तर?”

“सुन्न हाय का ते बघायचं. त्याला टोचलेलं कळतं का, भाजलेलं कळतं का.”

“आणि चट्टा नसताना रोग झाला तर? तो कसा कळायचा?”

रंभाला आता खरंच राग आला. इतके दिवस दार बंद ठेवून ही आता सगळे प्रश्न विचारणार.

“काहींच्या पायात सुरू होतो, चाची. चालताना चप्पल गळून पडते, खडा टोचत नाय. दुनियेला दिसतं, त्या माणसाला पत्ता नसतो. लपवून काय मिळतं, सांग बघू मला.”

 म्हातारीने साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

“ये. वाजिद आतच हाय. चपला भायेर काढ.”

रंभाला हायसं वाटलं. ती वाकली. डाव्या पायातली चप्पल तिने काढून भिंतीशी ठेवली. उजव्या पायात चप्पल नव्हतीच. तळव्यात खडीचा खडा रुतला होता, आणि रक्ताचे ठसे जिन्यापासून दारापर्यंत आले होते.