जंगल्याचे दात

“मारा जंगल्याले! दात पाडा, बक्षीस लई जा!”

पारोळ्याच्या यात्रेत नवल पाटावर उभा राहून ओरडत होता. त्याच्यामागे फळीवर लाकडाची तीन मुंडकी होती. कोळशासारखी काळी, ओठ जाड आणि लालभडक, नाकात हाड, डोळे वटारलेले. चेंडू नेमका तोंडावर बसला की दातांची पांढरी पट्टी गळून पडायची आणि बघे टाळ्या पिटायचे. नवलच्या बापानं, नथ्थूनं, कुठल्याशा पत्र्याच्या डब्यावरचं चित्र पाहून ती कोरली होती. चित्रातला माणूस कुठल्या मुलखातला, हे नथ्थूला ठाऊक नव्हतं आणि नवलनं कधी विचारलं नाही. लहानपणी त्याची खेळणी म्हणजे हीच मुंडकी. गावातली पोरं विटीदांडू खेळायची, तेव्हा हा जंगल्याला काठीनं झोडत बसायचा. गेल्या वर्षी बायको रत्ना म्हणाली होती, “आते तोंडं बदलाई टाका. देखवत नही.” तो हसला होता. “लाकूडले कसानी जात?”

शेजारच्या खेळण्यांच्या दुकानावर पुनम उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा समाजातली. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. मुलीसाठी बाहुली बघत होती. टांगलेल्या सगळ्या बाहुल्या गोऱ्यागुलाबी, केस सोनेरी.

“सावळी नाही का एखादी? माझ्या मुलीसारखी?” तिनं विचारलं.

दुकानदारीण ओशाळून हसली. नवलच्या कानावर ते पडलं. गर्दी जमवायची संधी तो कधी सोडत नसे.

“काळी मन्हाकडे शे, ताई! पण ती मार खावानी शे!”

गर्दी खदखदून हसली. पुनम वळली आणि तिनं सरळ नवलकडे पाहिलं. तो हसतच खाली पडलेले चेंडू गोळा करायला वाकला.

त्याच्या पाटासमोर हितेंद्र उभा होता. यात्रेत कोणाला जागा द्यायची हे ठरवणाऱ्या बागायतदार प्रेमराजभाऊंचा मुलगा. त्याचा एकही चेंडू लागला नव्हता आणि दोस्त त्याला पिळत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “लाकूडवर काय मारस? ती देख, जित्ती जंगली.” हितेंद्रच्या हातात शेवटचा चेंडू होता. बारदानाच्या सुतळीनं घट्ट आवळलेला, दगडासारखा. त्यानं हात मागे नेला आणि सगळ्या ताकदीनं फेकला.

धप्प असा आवाज झाला. नवलला तो लहानपणापासून ओळखीचा. नेम बसल्याचा. वर न बघताच त्याच्या तोंडून रोजची आरोळी निघाली.

“पडनात! दात पडनात!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. नवलनं मान वर केली. तिन्ही मुंडक्यांचे दात जागेवर होते.

पुनम गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. तिच्या पुढ्यात धुळीत दात पडले होते. आरोळी ऐकून हितेंद्रच्या दोस्तांना चेव आला. त्यांनी टोपलीतले चेंडू उचलले. एक तिच्या पाठीत बसला, एक कानशिलावर. ती आडवी झाली. तरी लोक हसत होते. मागच्यांना वाटलं, खेळच चाललाय.

नवलनं पाटावरून उडी मारली. हितेंद्रची गचांडी धरून त्यानं पहिला ठोसा नाकावर हाणला. दुसऱ्यासाठी हात उगारला, तेव्हा हितेंद्र नाकातलं रक्त थुंकत ओरडला, “मले का मारस? आरोळी तं तूच मारी ना!”

नवलचा हात वरच राहिला.

तेवढ्यात हितेंद्रच्या एका दोस्तानं मागून त्याच्या डोक्यात फळी घातली. तो पडला. बरगड्यांत लाथा बसू लागल्या. कपाळ फुटलं. दुकानाचा मांडव कोसळला. नवल सरपटत पुनमपर्यंत गेला आणि तिच्या अंगावर पडणाऱ्या लाथांच्या आड आला. पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

यात्रेतल्या पोलिसांच्या तंबूत हवालदारानं सगळ्यांना समोर बसवलं. प्रेमराजभाऊ धावत आले होते. पुनमनं तोंडात कापूस कोंबला होता. तिच्या दवाखान्यातून धावत आलेल्या एका नर्सनं तो बदलला, तेव्हा तिला बोलता आलं.

“चेंडू कोणी मारला, बाई?”

“नाही पाहिलं.” शब्द फुटक्या ओठांतून सांडत होते. “मी याच्याकडे बघत होते.” तिनं नवलकडे बोट केलं. “हा हसत होता. मग याचाच आवाज आला.”

प्रेमराजभाऊंनी सुस्कारा टाकला. “बाईले फेकणारा दिसनाच नही. मंग मिटनं, साहेब. पोरं शेतस, धक्काबुक्की व्हस.” मग ते नवलजवळ वाकले आणि हळूच बोलले, “तुले पुढला वर्षी आठेच, याच यात्रामा, दुकान मांडनं शे ना?”

नवलच्या डोळ्यात कपाळाचं रक्त उतरत होतं. ते त्यानं बाहीनं पुसलं.

“मी देखं, साहेब. मी चेंडू उचलताना हाऊच मन्हापुढे उभा व्हता. हातमा चेंडू व्हता. फेकणारा हाऊच.” त्यानं हितेंद्रकडे हात केला. “आणि तिले हसणारा मी व्हतू. आरोळी बी मन्हीच.”

हितेंद्र खाली बघू लागला. प्रेमराजभाऊंचा चेहरा उतरला. हवालदारानं पेन टेकवलं आणि तो थांबला.

“तुझं नाव कशात घालू रे? साक्षीदार की आरोपी?”

नवलनं पुनमकडे हात केला. “या ताईलेच इचारा,” तो म्हणाला.

पुनमनं त्याच्या फुटलेल्या कपाळाकडे पाहिलं. मग तिनं तोंडातला कापूस काढला.

“दोन्ही लिहा,” ती म्हणाली.