शेवटचं प्रकरण

चाळीस वर्षांच्या दोस्तीत नामवंत लेखकाने आपल्या कप्तान मित्राला अकरा कादंबऱ्यांत घातला होता आणि अकराही वेळा बुडवला होता. कप्तान कधी रागावला नाही. उलट, "या खेपेला जरा बरा बुडालो रे," असं म्हणून पाठ थोपटायचा. त्यामुळे साठी उलटल्यावर कप्तानाने मित्राचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा लेखकाला अगदी भरून आलं.

आज बोटीवर दोघंच होते. किनारा दिसेनासा झाल्यावर कप्तानाने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा मित्राच्या मांडीवर ठेवला. लेखक लगेच लाल पेन काढून बसला.

"माझं नाक एवढं मोठं आहे होय?"

"कमीच करून लिहिलंय," सुकाणू धरून कप्तान म्हणाला. "पुढे वाच."

शेवटच्या प्रकरणात लेखक तोल जाऊन समुद्रात पडला होता. कप्तानाने त्याला वाचवायची शर्थ केली होती, पण व्यर्थ. अंत्ययात्रेला सगळं शहर लोटलं होतं. लेखकाने दोन अनुस्वार दुरुस्त केले, डोळे पुसले आणि मग प्रकरणावरची तारीख पाहिली. ती आजची होती.

"जमलंय झकास," तो जपून म्हणाला. "पण लेका, मी अजून जिवंत आहे."

कप्तानाने इंजिन बंद केलं.



"हो ना. प्रकाशकाचंही तेवढंच एक म्हणणं आहे."