आठव्या पिलाचं घर

पिलं झाल्यावर आईला धक्का नको म्हणून पंधरा दिवस जीव मुठीत धरून वाट पाहिल्यावर मनिषानं पिंजऱ्यावरचं फडकं उचललं. एक, दोन... आठ! आनंदानं ती ओरडणारच होती, पण लगेच आठवलं. घरं सातच ठरली होती.

पिलांना घरं ठरल्याशिवाय हॅमस्टरची जोडी लावायची नाही, हा तिचा नियम. घेणाऱ्याची ती अशी उलटतपासणी घ्यायची, की अंथुर्णे गावातले लोक म्हणत, हिच्यापेक्षा पोरीचे मामा परवडले.

"घर न्हाय मिळालं, तर मीच ठिवते," ती म्हणाली.

"ह्या घरात आनिक एक उंदीर?" सासू तानूबाई कडाडल्या. "मग मी चालले इंदापूरला, लेकीकडं. आन एवढ्याशा जिवाला येगळा पिंजरा कशाला?"

"एकत्र ठिवले की एकमेकांच्या जिवावर उठत्यात, आत्या."

"मानसांवानीच की," म्हणत तानूबाई चुलीकडं वळल्या.

महिन्याभरात सात पिलं आपापल्या घरी गेली. आठव्याला कुणी मिळेना. अशात एका दुपारी बारामतीहून लखनचा फोन आला. त्याच्याच दुकानातून ती हॅमस्टरचं खाणं आणायची. तानूबाई डोळे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या, त्यामुळं मोकळेपणानं बोलता आलं.

"वहिनी, एक बाई आल्यात. पिलू पायजे म्हनत्यात. पर फोनवर बोलायला लाजत्यात."

"मग तूच इचार. पिंजरा केवढा?"

"अडीच हात. एकटंच ठिवनार, पिलं काढनार न्हाय."

"रातभर चाक फिरवतंय म्हनावं. झोप मोडंल."

पलीकडं कुजबुज झाली. "त्या म्हनत्यात, झोप तशीबी येत न्हाय. सोबत हुईल."

मनिषाला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. अशी बाई लाखात एक! "रविवारी आनते. पर बाईला डोळ्यांनी बघितल्याबिगार देनार न्हाय."

रविवारी सकाळीच तानूबाई पिशवी घेऊन निघाल्या. "इंदापूरला जाते," एवढंच दारातून बोलल्या. मनिषाला वाईट वाटलं, पण समजूत घालत बसायला वेळ नव्हता. भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेऊन ती एसटीत बसली आणि बारामतीपर्यंत पिलाशीच बोलत राहिली.

"कुठायत बाई?" दुकानात शिरताशिरताच तिनं विचारलं.

लखननं आतल्या बाकड्याकडं बोट दाखवलं. भल्यामोठ्या नव्या पिंजऱ्यामागून तोंडावर पदर ओढलेली बाई उठली.

"दे हिकडं त्याला," तानूबाई म्हणाल्या, "आन मीच मागितलं हे घरात कुनाला बोललीस तर बघ."